हात बांधून घेतलेला सुतार

नदीच्या वळणावरच्या एका गावात एक सुतार होता. त्याने बसवलेलं दार कधी कुरकुरत नसे. एके दिवशी त्याने जाहीर केलं, "आजपासून मी कामं घेणार नाही. सुतारकी शिकवणार आहे. ज्याला शिकायचं असेल त्याने माझ्या गोठ्यात यावं."

गावातले बाकीचे सुतार खवळले. सुतारकी बापाने फक्त लेकाला द्यायची, ही त्यांची रीत. तीही सांगून नाही, लेकाने बघून बघून उचलायची. आणि लाकूड बिघडलं, की कुणाच्या नजरेला पडायच्या आत चुलीत घालायचं. अशाने सुताराचं नाव राहतं म्हणे! नाव राहत असेल, पण शिकणाऱ्याला चूक कशी होते तेच कधी कळत नाही.

गोठ्यात तिघं आली. बुरडाची सून, नावाड्याची बहीण आणि एक म्हातारा धनगर. पहिला महिना वायाच गेला. कुणाची करवत जरा वाकडी गेली, की सुतार ती हिसकावून घेई आणि स्वतःच कापून मोकळा होई.

शेवटी धनगर म्हणाला, "सुतारदादा, लाकूड तर तुम्हीच कापताय. आम्ही काय भुसा झाडायला येतो का?"

सुतार ओशाळला. त्या दिवसापासून शिकवताना तो हात पाठीमागे धरू लागला. फार जड गेलं त्याला.

त्यातच गावच्या वेशीचं दार कुजलं. पाटील म्हणाले, "नवं दार तू कर. पण हे शाळेचं खूळ सोड."

"दार माझी शिकणारी माणसं करतील," सुतार म्हणाला.

सुतारांमधला थोरला सुतार हसला. "मग तू हत्याराला हात लावायचा नाहीस. दार फसलं तर शाळा बंद. कबूल?"

"कबूल! विश्वास नसेल तर हे घ्या उपरणं, बांधा माझे हात."

आणि त्यांनी खरंच बांधले. रोज सकाळी काम सुरू होताना बांधायचे, संपलं की सोडायचे. काय एकेक माणसं असतात!

तिसऱ्या दिवशी बुरडाच्या सुनेने चौकटीचा उभा खांब कापला आणि ती पांढरीफटक पडली. घाईघाईने ती खांबावर गोणपाट टाकू लागली.

"झाकू नकोस," सुतार म्हणाला. त्याचे हात उपरण्यात नुसते वळवळत होते. "काय चुकलं ते सांग."

"खाचेत जाणारी लांबी धरायची राहिली. चार बोटं आखूड झाला."

"मग आता काय करशील?"

ती खांबाचं कापलेलं टोक निरखू लागली. जमलेलं गाव कुजबुजू लागलं. थोरला सुतार ओरडला, "बघता काय? ते लाकूड घाला चुलीत, आणि ती शाळाही!"

तशी ती उसळली. "चुलीत का म्हणून? खाली जोड देते मी."

तिने धनगराला खांब धरायला लावला. सागाचा तुकडा खांबात अडकून बसेल असा कापला, नावाड्याच्या बहिणीने खुंट्या ठोकल्या. जोड लांबूनही दिसत होता.

दार उभं राहिलं. पाटलांनी अडसर लावून दहा गडी ढकलायला लावले. गडी घामाघूम झाले, दार जागचं हललं नाही.

"दार चांगलं झालंय. शाळा चालू राहील," पाटील म्हणाले.

थोरला सुतार चिडला. "जोड उघडा दिसतोय! आणि या दारात तुझा एकही घाव नाही. यात तुझं असं आहे काय?"

"काहीच नाही," सुतार ताठ मानेने म्हणाला. "उद्या मी मेलो तरी गावाला दारं मिळतील. सोडा आता माझे हात."

हात सोडायला पुढे आली ती थोरल्या सुताराचीच लेक. बापाकडे न बघता तिने गाठ सोडली आणि विचारलं, "उद्या किती लवकर येऊ?"

तात्पर्य: दुसऱ्याला शिकवायचं असेल तर आधी आपला हात आवरावा, आणि चुका झाकून मोठेपणा मिरवणाऱ्यांना मुळीच भिऊ नये.