जांभळीखालचे नगर

“…पण बुवा, ज्या नगराचे माहात्म्य आधीच लिहून सिद्ध आहे, त्या नगरात राहायला लोक का कचरतात?”

मुकुंदबुवा धामापूरकर देवासाठी चंदन उगाळीत होते. उगाळीतच राहिले.

प्रश्न विचारणारे दिगंबरराव केळुसकर हे त्यांचेच अनुग्रहित. विद्येने नगररचनाकार, हौसेने कवी, आणि दोन्हींचा अभिमान सारखाच.

खाडीच्या मुखावरची मोरवाडी समुद्र हळूहळू गिळीत होता. वाडीच्या लोकांसाठी वरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, दिगंबररावांनी सूर्यनगर उभारले होते. घरे तयार होती. चुली मात्र पेटत नव्हत्या. पावसाळ्यापूर्वी लोक राहायला आले नाहीत, तर घरे दुसऱ्यांना देण्यात येतील, असा सरकारी हुकूम होता.

वाडीकरांचे म्हणणे एवढेच, की बुवांनी तिथे कीर्तन करावे. मग पाहू.

“माहात्म्यात काय लिहिले आहे?” बुवांनी विचारले.

“अठरा अध्याय आहेत. सर्व ओवीबद्ध. पहिल्या अध्यायात इंद्र येतो आणि नगर पाहून लाजतो. दुसऱ्यात कुबेर येतो. तोही लाजतो.”

“आणि मोरवाडीची मंडळी?”

“ती… अठराव्यात येतात.”

“लाजतात?”

दिगंबरराव काखेतल्या बाडाची पाने चाळू लागले.

“फलश्रुती लिहिलीत?”

“लिहिली ना. जो या नगरी एक रात्र वसेल, त्याचे सर्व ताप शमतील.”

“आपण वसलात?”

“माझे घर खाली गावात आहे, बुवा. बागेत… विहिरीजवळ.”

चंदन पुरेसे झाले होते. बुवा तरीही उगाळीत होते.

“उद्याच योग आहे,” दिगंबरराव उत्साहाने म्हणाले. “आपल्या प्रदेशात सूर्य वर्षातून दोनदाच बरोबर माथ्यावर येतो. त्या क्षणी चौकातल्या स्तंभाची सावली नाहीशी होते. स्तंभ त्यासाठीच उभारला आहे. त्या क्षणी आपण कीर्तनाला उभे असावे, ही प्रार्थना.”

“मे महिन्यात?”

“होय.”

“भर दुपारी?”

“होय.”

“कातळावर?”

“होय, बुवा.”

बुवांनी सहाण बाजूला ठेवली.

“…येतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोरवाडीची मंडळी सड्यावर चढली. चौक विस्तीर्ण होता, गुळगुळीत फरशीचा होता, आणि त्यात स्तंभावाचून काहीही नव्हते.

“बुवानू, हय बसूचा खय?” सत्यभामाकाकीने विचारले. वाडीत तिचा शब्द चाले.

उत्तराची वाट न पाहता ती स्तंभाच्या सावलीत जाऊन बसली. तिच्या मागे तिची सून बसली. सुनेमागे आणखी कोणी. सावली एका माणसाच्या रुंदीची होती, म्हणून सारी वाडी एकामागे एक अशी एका रेषेत बसली.

“पाहा,” दिगंबरराव बुवांच्या कानाशी म्हणाले, “केवढी शिस्त आली.”

सूर्य चढत गेला. सावली आखूड होत गेली. रेषेच्या शेपटाकडची माणसे पुढे सरकू लागली, आणि पुढची माणसे आणखी पुढे.

“गे, माझ्या मांडयेर बसतंस काय?”

“मगे खय बसू? इंद्राच्या?”

माहात्म्याचा पहिला अध्याय वाडीपर्यंत पोहोचला होता, हे यावरून कळले.

दिगंबररावांनी खूण केली. क्षण जवळ आला होता.

बुवा पुढे आले. कीर्तनाला उभे राहायचे, तर पायांत वहाणा चालत नाहीत. त्यांनी त्या काढून बाजूला ठेवल्या. वाडीकरांनी चौकात शिरतानाच चपला काढल्या होत्या, कारण कीर्तनाची जागा म्हणजे देवाची जागा. पाठोपाठ दिगंबररावांनीही नवे कोरे बूट काढले.

बुवांनी झांजा घेतल्या. डोळे मिटले. नमनाचा पहिला चरण उचलला…

आणि डावा पाय उचलला.

दुसऱ्या चरणाला उजवा.

तिसऱ्या चरणाला बुवा नाचू लागले.

“अजून नमनही संपले नाही आणि रंग चढला,” दिगंबररावांनी भक्तिभावाने हात जोडले. “वास्तूचाच हा प्रभाव.”

बुवा नाचत नाचत चौकातून निघाले. मंडळीही उठली. तिच्याही पायांखाली तीच फरशी होती, त्यामुळे तिलाही रंग चढायला वेळ लागला नाही. नामाचा गजर करीत, पाय उंच उचलीत, सारी वाडी बुवांमागून नाचत गेली.

ती जांभळीखाली जाऊन थांबली.

सड्याच्या कडेला जुनी, घेरदार जांभळ होती. मुख्य रस्ता सरळ रेषेत जायचा, तर ती मध्ये येत होती. म्हणून तिच्या खोडावर लाल फुली मारली होती आणि करवत दुसऱ्या दिवशी यायची होती.

बुवा खोडाशी उभे राहिले. आता पाय दोन्ही जमिनीवर होते. कीर्तन सुरू झाले.

दिगंबरराव एकटेच स्तंभाशी, उरल्यासुरल्या सावलीत राहिले. स्तंभाची सावली आक्रसत आक्रसत पायथ्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. गणित केसभरही चुकले नव्हते.

पाहायला कोणी नव्हते.

तेवढ्यात त्यांनाही रंग चढला. बुटांकडे वळले, तर बूटही तापले होते. मग त्यांनी माहात्म्याचे बाड डोक्यावर धरले आणि धावत सुटले. त्या ग्रंथाने कोणाला सावली दिली, ती ही पहिलीच.

जांभळीखाली पूर्वरंग थोडक्यात आटोपून बुवा पाणी पीत होते. मंडळी स्थिरावली होती. एका फांदीला लुगड्याची झोळी बांधून कोणी मूल निजवले होते. तीन दगड मांडून चहाचे आधण ठेवले होते. शेळी खुंट्याला बांधली होती, आणि तिच्या दोरीवरून दोन घरांत भांडणही जुंपले होते.

“ह्या मूळ आमचा. तू तिकडे हो.”

“बरा, मी तिकडे. पण वाट माझ्या दारातसून जातली.”

“जावंदे. माका काय, कोण येता-जाता ता समाजतला.”

दिगंबरराव हे ऐकत उन्हाच्या कडेला उभे राहिले.

सत्यभामाकाकीने त्यांना आपादमस्तक पाहिले. विशेषतः पाय पाहिले.

“सायबानू, ह्या झाड रवला तर आमी येतलव.”

“आणि नाही राहिले तर?”

“तर दर्यो काय, आमका आजपासून वळखता?”

दिगंबररावांनी रस्त्याकडे पाहिले. किती सरळ होता तो. सातवा अध्याय सबंध त्याच्यावर होता.

“काकी, झाड ठेवायचे म्हणजे… रस्ता वाकडा होईल.”

“वाकडो तर वाकडो. आमचे पाय तरी खय सरळ पडतत?”

त्यांनी बुवांकडे पाहिले. बुवा झांजांची दोरी सारखी करीत होते. अगदी मन लावून.

…

दिगंबरराव वाकले आणि आपल्या रेशमी उपरण्याने खोडावरची लाल फुली पुसू लागले. रंग पक्का होता. पुसला जाईना. तेव्हा त्यांनी ते उपरणेच फुलीवरून खोडाला गुंडाळले आणि घट्ट गाठ मारली.

सत्यभामाकाकीने सुनेला चहात आणखी पाणी घालायला सांगितले.

दिगंबरराव मागे सरले. सावलीत तिळभर जागा उरली नव्हती. ते पुन्हा उन्हात जाऊन उभे राहिले आणि आलटून पालटून एकेक पाय उचलू लागले.

“बुवा,” ते क्षीण स्वरात म्हणाले, “आता माझ्या नगराचे… उद्घाटन…?”

बुवांनी झांजा उचलल्या. उत्तररंगाला आरंभ करण्यापूर्वी त्यांनी मंडळीकडे पाहून हात किंचित हलवला.

“जरा सरकून घ्या मंडळी. नगरात आणखी एक बिऱ्हाड आले आहे.”