सुगंधाकाकूंची एकच चौकट

आमच्या गावच्या सुगंधाकाकू चित्रकला कधी शिकल्या नाहीत. पाठकोऱ्या लग्नपत्रिकांवर त्या बॉलपेनने कॉमिक काढतात, एका पत्रिकेवर एक चौकट. यंदा तालुक्याच्या चित्रप्रदर्शनात त्यांना पहिल्यांदाच जागा मिळाली. त्यांनी दोरी बांधून सगळी गोष्ट चिमट्यांनी टांगली.

परीक्षक दिघेसर आले आणि थबकले. "बाई, हे तर कॉमिक! खरं चित्र एकाच चौकटीत सगळं सांगतं. एक ठेवा, बाकीची उतरवा. नाहीतर जागा रिकामी करा."

काकूंनी वाद घातला नाही. मधली एकच पत्रिका ठेवली: कौलांवर थरथरणारी शेळी, खाली बिबट्या आणि परात घेऊन दारात आलेली म्हातारी. बाकीच्या पिशवीत गेल्या.

सर पुढे गेले, पण पुन्हा मागे आले. चष्मा पुसून पाहू लागले. शेवटी हळूच म्हणाले, "शेळी वाचली का हो?"

"मला काय विचारता, सर? चौकटीला विचारा. ती सगळं सांगते ना!"

सगळे हसले. सरही हसले आणि स्वतःच चिमटे घेऊन उभे राहिले. मात्र प्रत्येक पत्रिका टांगण्याआधी ते ती वाचून घेत होते, त्यामुळे दोरी भरायला बराच वेळ लागला.