प्रधानांनी चाखायचा पोपट

धुक्यात तरंगणाऱ्या एका नगरीत झाडांनासुद्धा खेळण्यांची स्वप्नं पडत. पण तिथे खेळण्यांना शेंदूर फासत, आणि तान्ही मुलं आजारी पडत.

"रंगांचा नियम बदला," राणी मृगावती म्हणाली.

प्रधान विसाजीपंत हसले. "खेळणं खेळायला असतं, राणीसाहेब, खायला नव्हे."

पाळण्यात राजपुत्र शेंदूर फासलेला लाकडी पोपट तोंडाकडे नेत होता. राणीने तो अलगद काढून प्रधानांपुढे धरला. "राजपुत्राच्या तोंडात जाईल ते आधी प्रधानांनी चाखायचं, ही आपली जुनी रीत. चाखा."

पंत मागे सरले. "शेंदूर पोटात गेला तर विष होतं, राणीसाहेब."

"मग तेवढं बाळाला समजावून सांगा."

पाळणा झुलत राहिला. नियम त्याच दिवशी बदलला. आता तिथले पोपट हळदीने आणि पळसाच्या फुलांनी रंगवतात, आणि त्यांची चव प्रधानांना पाठ आहे.