गुळव्याचा डोळा

नदीकाठी उसाचं एक गाव होतं, आणि त्या गावात धुळाप्पा नावाचा गुळव्या होता. गुळव्या म्हणजे रस आटत असताना काहिलीपाशी, म्हणजे त्या मोठ्या कढईपाशी, उभा राहून गूळ कधी झाला ते सांगणारा माणूस. बाकीचे पाकाची गोळी पाण्यात टाकून बघत. धुळाप्पा नुसता बघायचा. उकळत्या पाकाला एक रंग यायचा, पापणी लवेपर्यंत टिकायचा आणि जायचा. तेवढ्यात तो म्हणायचा, "उतरवा." त्याचा गूळ कधी करपला नाही, कधी कच्चा राहिला नाही. ह्याची त्याला घमेंड होती, आणि ती असायला हरकतही नव्हती.

एका वर्षी त्याचे डोळे लाल झाले. लोक म्हणाले, धूर लागला. मग उजेड सोसेना, समोर जाळी धरल्यासारखं दिसू लागलं. बायको गोजराबाई त्याला तालुक्याला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी डोळे बघितले आणि विचारलं, "तोंड येतं का सारखं?"

"डोळ्याच्या डॉक्टर ना तुमी? तोंडाचं काय काढता?"

पण तोंड येत होतं, कितीतरी वर्षं. बाई म्हणाल्या, हे धुराचं काम नाही. अंगाची राखण करणारी फौजच अंगावर उलटली आहे आणि डोळ्याच्या आत जाळ करते आहे. त्यांनी रक्त तपासलं. रक्तात एन्झाइमं असतात, शरीराची कामं भराभर उरकणारे पदार्थ. त्यातलं एक असं, की आतला जाळ भडकला की त्याचा जोर वाढतो. धुळाप्पाचा भलताच वाढला होता.

थेंब आणि गोळ्या सुरू झाल्या. हंगामभर तो घरी बसला. वाऱ्यावर गुळाचा वास आला की जेवता जेवता हात थांबायचा आणि मान गुऱ्हाळाकडे वळायची. त्याला गूळ खायचा नव्हता. तो रंग बघायचा होता.

पुढच्या हंगामाच्या तोंडाला डोळ्यांची लाली गेली. दिसूही लागलं. तो एकटाच तालुक्याला गेला. बाईंनी पुन्हा रक्त तपासलं. "डोळा निवळलाय, पण एन्झाइमचा जोर उतरलेला नाही. आत धग आहे. गोळ्या सोडू नका."

गोळ्यांनी हाताला कंप सुटायचा. कापऱ्या हाताच्या माणसाला उकळत्या काहिलीपाशी कोण उभं करणार? घरी येऊन त्याने गोळ्या फडताळात टाकल्या.

"बाई काय म्हणाल्या?" गोजराबाईने विचारलं.

"म्हणल्या, रक्तात कायतरी हाय. रक्तातलं कुणाला दिसतंय? डोळा आरशात दिसतोय की."

"आरशात तुमाला समदं दिसतं. अक्कल तेवढी दिसत न्हाई."

तो गुऱ्हाळावर गेला. सतरा दिवस त्याने तो रंग बघितला. सतरा दिवस माणूस सुखात होता, खोटं कशाला सांगावं. अठराव्या दिवशी सकाळी डोळे पेटले. ह्या खेपेला गोळ्या लागू पडेपर्यंत आतला पडदा बराचसा गेला होता. समोरचा माणूस सावलीसारखा दिसायचा. रंग मात्र गेला तो गेलाच.

पुढे गोजराबाई त्याला हाताला धरून गुऱ्हाळावर न्यायची. एकदा नव्या गुळव्याने काहिलीखालच्या चुलवाणातला जाळ बाहेर ओढायला लावला आणि तंबाखू मळत बसला. काहील तशीच वर. धुळाप्पाच्या नाकात करपट वास शिरला.

"उतरव की काहील, मर्दा. जाळ काढला म्हणून पाक थांबतोय व्हय? चुलवाण आतनं लाल हाय. वरनं बघून काय कळतंय तुला?"

एवढं बोलला आणि त्याचा हात आपल्याच डोळ्यांकडे गेला. गोजराबाईने त्याला धरून खाली बसवलं. तिने चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

काहील उतरली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "रंग कसा आलाय गं?"

तिने वाकून नीट बघितलं. "चांगला आलाय."

"चांगला म्हंजे कसा?"

तिने पुन्हा बघितलं. बराच वेळ बघितलं. "गुळासारखा," ती म्हणाली.

त्याने हात पुढे केला. तिने कनवटीची गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती गिळली आणि पाक निवेपर्यंत तोंड त्या उबेकडे करून बसला.

तात्पर्य: जाळ दिसेनासा झाला म्हणजे चूल निवली असं नाही. आतल्या धगीची खबर ज्याला लागते त्याचं ऐकावं. डोळे वाचवायचे असतील तर नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवून भागत नाही.