सुनेच्या वतीनं

“मग सांगा आप्पा, डॉक्टरपेक्षा हे कमी कुठं पडतं?” रणधीरनं टॅब्लेट पुढं सरकवला.

आप्पा नेसरीकर म्हणजे आजऱ्याचे जुने डॉक्टर. रणधीर त्यांच्याच हाताखाली तयार झाला आणि पुढं बडा डॉक्टर झाला. लक्षणं भरली की रोग आणि औषध सुचवणारं हे यंत्र त्याचंच. जिथं डॉक्टर फिरकत नाहीत, अशा खेड्यांतल्या दवाखान्यांत ते सोमवारपासून बसणार होतं. शहरात वाहवा झाली होती. पण आप्पा ‘चालेल’ म्हणेपर्यंत गड्याच्या जिवाला चैन नव्हतं.

दवाखान्यात अजून तोच टिंक्चरचा वास, तीच झिजलेली बाकं. इथंच आप्पांची बोलणी खात तो पट्टी बांधायला शिकला होता. काय दिवस होते ते! त्याला भरून आलं.

आप्पांनी बाहेर थांबलेल्या दोघींना आत बोलावलं. एक सासू, आणि दुसरी वाळून काडी झालेली तिची सून.

रणधीर विचारत गेला. भूक लागते का? ताप? खोकला? उत्तरं भराभर आली. खोकला नाही, ताप नाही, खाण्याचीच टाळाटाळ. यंत्रानं रक्त कमी असल्याचं सांगितलं, गोळ्याही सुचवल्या.

“बघा,” रणधीर खुशीत म्हणाला.

“हं...”

आप्पांनी सासूला चहाला म्हणून आत घरात आपल्या बायकोकडं पाठवलं. उठून दार लोटलं, सुनेपुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि गप्प बसून राहिले.

पूर्वीही ते असेच बसायचे. तेव्हा पोरसवदा रणधीरला वाटायचं, म्हातारा उगाच वेळ घालवतोय. आज मात्र त्या शांततेनं त्याला बरं वाटलं.

बऱ्याच वेळानं सून खालमानेनं बोलली.

“खोकल्यातनं रगत पडतंय... घरात कळलं तर माहेरी घालवतील.”

तेव्हा कुठं रणधीरच्या ध्यानात आलं. मघाशी या पोरीनं तोंडच उघडलं नव्हतं. सगळी उत्तरं सासूनं दिली होती, आणि त्यानं ती मुकाट भरली होती.

त्यानं पुन्हा भरलं. यंत्रानं लगेच क्षयाची तपासणी करायला सांगितलं.

त्याचा चेहरा पडला. गोळ्या देऊन तो तिला घरी धाडणार होता.

“आप्पा... मग हे बसवूच नको?”

“बसव की. चांगलं आहे.” आप्पांनी चष्मा पुसला. “तिथं दार लोटायला कुणाला ठेवतोयस, तेवढं सांग.”