पिटकीचं दार आणि आजोबांची खुर्ची

सांगतो. पण गप बसा. मला गोष्टी येत नाहीत. गोष्टी सांगायला तुमची आई आहे, ती शिकलेली आहे. मी शाळेच्या भिंतीवरनं उडी मारून घरी आलो तो परत गेलोच नाही. तरी घास भरवायची वेळ झाली की पोरं माझ्याच पुढ्यात आणून बसवतात. बरं. तोंड उघडा. घास गिळा. मध्ये कुणी "मग काय झालं?" म्हणालं, तर गोष्ट बंद.

एक होती उंदरी. एवढीशी. माझ्या पायाच्या अंगठ्याएवढी. तिचं नाव पिटकी.

हॉकीच्या मैदानाच्या कडेला तिचं बीळ. बिळाला दार एकच. बिळात तिचं पिल्लू. गुलाबी, डोळे मिटलेलं, सारखं भुकेलं.

रविवार होता. मैदानात पोरींची हॉकी होती. पोरी खेळणार. घरची माणसं बघणार. पाटोळ्यांचं सगळं घर आलं होतं. ह्या रविवारी ह्या गावाला, पुढच्या रविवारी त्या गावाला. पोरीची हॉकी पुढं, घर मागं. जीपमधून सतरंजी उतरली. थर्मास उतरला. लाडवांचा डबा उतरला. आजोबा उतरले. आजोबांची आरामखुर्ची उतरली.

आणि पोरगी? पोरीचं नाव ओवी. ती बाकावर बसली. राखीव म्हणून. घर सगळं गावोगाव फिरतं, आणि ओवी बाकावर बसते.

पिटकी बिळाबाहेर आली. तुरु तुरु तुरु. शेंगदाणा दिसला. उचलला. परत आली. तुरु तुरु तुरु.

बघते तर काय? दार बंद!

दारात एक धोंडा. पांढरा. गोल. टणक. धोंड्यावर आरामखुर्चीची झोळी. झोळीत आजोबा.

पिटकीनं धोंडा ढकलला. हुं हुं हुं! हलेना. पिटकीनं धोंडा ओढला. हुं हुं हुं! हलेना.

आतून पिल्लू म्हणालं, "चीं."

पिटकीच्या तोंडातला शेंगदाणा गळून पडला. टप्.

पिटकी गेली आजोबांकडं. तुरु तुरु तुरु.

"आजोबा, आजोबा, उठता का?"

"का गं?"

"धोंडा हलेना.
पिल्लू आत, मी बाहेर.
करू तरी काय?
उठता का?"

आजोबा म्हणाले, "मी नाही उठायचा. मागच्या गावाला मी शू करायला उठलो. तेवढ्यात आपल्यावर गोल बसला. तेव्हापासून घरात ठरलंय. खेळ संपेपर्यंत आबांनी उठायचं नाही. मलाही खाली काहीतरी टोचतंय गं, पण सोय नाही. आमच्या सूनबाईला सांग. ती 'उठा' म्हणाली, की मी उठतो."

पिटकी गेली काकूंकडं. तुरु तुरु तुरु. काकू म्हणजे ओवीची आई. मांडीवर लाडवांचा डबा, बगलेत थर्मास.

"काकू, काकू, बोलता का?"

"का गं?"

"धोंडा हलेना.
आजोबा उठेनात.
पिल्लू आत, मी बाहेर.
करू तरी काय?
बोलता का?"

काकू म्हणाल्या, "मी नाही बोलायची. बोलून उपयोग काय? आमचे हे केवढ्यानं ओरडतायत बघ. माझं मलाच ऐकू येईना. त्यांना सांग. ते ओरडायचे थांबले, की मी बोलते."

पिटकी गेली बाबांकडं. तुरु तुरु तुरु. बाबा कुंपणाला लटकले होते. खेळ थांबला होता. मैदानात सगळे नुसते उभे होते. तरी बाबा ओरडत होते. "पास दे! पास दे! अगं, पास दे!"

"बाबा, बाबा, थांबता का?"

"काय गं?"

"धोंडा हलेना.
आजोबा उठेनात.
काकू बोलेनात.
पिल्लू आत, मी बाहेर.
करू तरी काय?
थांबता का?"

बाबा म्हणाले, "मी नाही थांबायचा. मी ओरडतो म्हणून पोरी खेळतात. नाहीतर त्यांना काय कळतंय? आणि माझी ओवी बघ, बाकावर बसून बाकाच्या आकाराची झाली. त्या बुधले मास्तरला सांग. त्यानं ओवीला आत घेतलं, की मी थांबतो. पास दे! पास दे!"

पिटकी गेली मास्तरांकडं. तुरु तुरु तुरु. बुधले मास्तर मिशी ओढत उभे होते. मोठा माणूस. टोपी पण मोठी.

"मास्तर, मास्तर, ओवीला घेता का?"

"का गं?"

"धोंडा हलेना.
आजोबा उठेनात.
काकू बोलेनात.
बाबा थांबेनात.
पिल्लू आत, मी बाहेर.
करू तरी काय?
ओवीला घेता का?"

मास्तर म्हणाले, "मी नाही घ्यायचा. खेळ बंद पडलाय. बंद खेळात कुणाला घेऊ? पंचांना सांग. त्यांनी शिट्टी फुंकली, की मी ओवीला घेतो. आणि त्या म्हाताऱ्याला सांग, खुर्ची माझ्या पाठीमागं नको. उगाच डोळ्यात येते."

पाठीमागची खुर्ची डोळ्यात येते म्हणे! असो. घास गिळा.

पिटकी गेली पंचांकडं. तुरु तुरु तुरु. पंचांच्या तोंडात शिट्टी. गाल फुगलेले. पण आवाज नाही.

"पंचसाहेब, पंचसाहेब, फुंकता का?"

"का गं?"

"धोंडा हलेना.
आजोबा उठेनात.
काकू बोलेनात.
बाबा थांबेनात.
मास्तर घेईनात.
पिल्लू आत, मी बाहेर.
करू तरी काय?
फुंकता का?"

पंच म्हणाले, "मी नाही फुंकायचा. चेंडू कुठाय? एक चेंडू मघाशी नाल्यात गेला. दुसरा कुठं गेला कुणास ठाऊक. ते कुंपणावरचे बाबा ओरडले, 'तिकडं गेला, तिकडं!' सगळ्या पोरी तिकडं पळाल्या. तिकडं नुसत्या बाभळी. गोलकीपरला सांग. तिनं चेंडू उचलून दिला, की मी फुंकतो."

पिटकी गेली गोलकीपरकडं. तुरु तुरु तुरु. आता पाय दुखायला लागले. गोलकीपर एक ढब्बी पोरगी. पायाला पॅड. पोटाला पॅड. डोक्यावर टोप. चालली की डुगडुग, थांबली की भिंत.

"ताई, ताई, वाकतेस का?"

"का गं?"

"धोंडा हलेना.
आजोबा उठेनात.
काकू बोलेनात.
बाबा थांबेनात.
मास्तर घेईनात.
पंच फुंकेनात.
पिल्लू आत, मी बाहेर.
करू तरी काय?
वाकतेस का?"

गोलकीपर म्हणाली, "मी नाही वाकायची. एवढं सगळं अंगावर घालून उगाच वाकले, तर परत सरळ कोण करणार? चेंडू आधी दिसू दे. दिसला, की मी वाकते."

पिटकी म्हणाली, "ताई, चेंडू म्हणजे काय गं?"

"एवढं माहीत नाही? मैदानात राहतेस ना? चेंडू पांढरा असतो."

पिटकीचा एक कान उभा राहिला.

"गोल असतो."

पिटकीचा दुसरा कान उभा राहिला.

"आणि टणक असतो. लागला की टेंगूळ येतं."

पिटकीची शेपटी उभी राहिली.

पांढरा? गोल? टणक?

"अगं बाई!" पिटकी म्हणाली. "तो तर माझ्या दारात आहे!"

"मग आण की."

"वर आजोबा बसलेत."

"मग उठव की."

"काकू म्हणाल्या, तर उठतील."

"मग काकूंना सांग."

"बाबा थांबले, तर बोलतील."

"मग बाबांना सांग."

पिटकीनं पंजाच्या बोटांवर मोजलं. सगळीकडं जाऊन आली होती. सगळ्यांना सांगून झालं होतं. मोठी माणसं. सगळी एका चेंडूची वाट बघत होती. आणि चेंडूवर एक म्हातारा बसवून ठेवला होता, हलू नका म्हणून.

लांबून आवाज आला. "चीं." अगदी बारीक. मघापेक्षा बारीक.

पिटकीला रडू आलं. मग पिटकीला राग आला. सांगून सांगून तोंड दमलं होतं. दात दमले नव्हते.

पिटकी पळाली. तुरुतुरुतुरुतुरु! पंचांच्या बुटावरून. मास्तरांच्या टोपीच्या सावलीतून. बाबांच्या पायांमधून. काकूंच्या सतरंजीवरून. थेट आजोबांकडं. आजोबांनी चप्पल काढून ठेवली होती. अंगठा होता उघडा.

कच्च!

"अगाई गं!"

आजोबा उठले! टुण्णकन! खुर्ची उलटली. धप्प!

आजोबा उठले, तशा काकू बोलल्या. कशा बोलल्या! "अहो आबा, उठू नका! गोल बसेल, गोल!" मांडीवरचा डबा पडला. ठण्ण ठण्ण ठण्ण!

काकू बोलल्या, तसे बाबा थांबले. त्यांच्यापेक्षा मोठा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. तोंड उघडं, आवाज बंद.

बाबा थांबले, तसं मैदान शांत झालं. एकदम शांत. त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आलं, "चीं."

मास्तर मागं वळले. बघतात तर काय? पांढरा. गोल. टणक.

"बघा, बघा!" मास्तर ओरडले. "म्हाताऱ्यानं चेंडू दडवून ठेवला होता! अंड्यावर कोंबडी बसते तसा बसला होता!"

सगळं मैदान हसलं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आजोबा एका पायावर उभे, अंगठा हातात धरून. कुणी विचारलं नाही, काय लागलं का.

मग गोलकीपर आली. डुगडुग डुगडुग. चेंडू दिसला, तशी ती वाकली. हुश्श! चेंडू ओढला. पच्चक! निघाला. चेंडू घेऊन गेली. दोघींनी धरून तिला सरळ केली.

पंचांना चेंडू मिळाला, तशी पंचांनी शिट्टी फुंकली. फुर्रर्रर्र!

शिट्टी वाजली, तसं मास्तरांनी ओवीला घेतलं. घेणार नव्हते. मिशी ओढली, टोपी ओढली. पण उंदरीसमोर बोलून बसले होते.

ओवी पळाली. टक्! चेंडू पुढं. टक्! अजून पुढं. बाबा गप्पच होते. "पास दे" म्हणायला कुणी नव्हतं. मग ओवीनं पास दिलाच नाही. स्वतःच मारला.

ठक्क!

गोल!

आणि आपली पिटकी? तिला कुठला गोल नि कुठली हॉकी! दार मोकळं झालं, तशी ती आत. सुर्रर्र! पिल्लाला पोटाशी घेतलं. पिल्लू प्यायलं. चुटू चुटू चुटू. पोट झालं टम्म.

तेवढ्यात दारात काहीतरी आलं. गड गड गड. पिटकी दचकली. गोल होतं. पण पांढरं नव्हतं. टणक पण नव्हतं. काकूंच्या डब्यातला लाडू होता. पिटकीनं दार उघडायची वाट बघितली नाही. दारच खाऊन टाकलं.

मग ती बाहेर आली. तुरु तुरु तुरु. आजोबांच्या पायाशी बसली.

"आजोबा, आजोबा, अंगठा दुखला का? चुकलं माझं."

आजोबा म्हणाले, "असू दे, बाई. तुझं पिल्लू आत होतं."

एवढीशी उंदरी. पण तिला कळलं.

पुढच्या रविवारी दुसरं गाव. जीपमधून सतरंजी उतरली. थर्मास उतरला. लाडवांचा डबा उतरला. आजोबा उतरले. आरामखुर्ची उतरली नाही. घरीच ठेवली होती.

"खुर्ची कुठाय?" आजोबा म्हणाले.

"खुर्ची कशाला, आबा?" काकू म्हणाल्या. "तुम्ही उठलात, म्हणून तर गोल झाला. आता उभंच राहायचं. खेळ संपेपर्यंत बसायचं नाही."

आजोबा उभे आहेत. अजून उभे आहेत. कुठल्या ना कुठल्या मैदानावर, रविवारी जाऊन बघा.

झाली गोष्ट. ताट रिकामं झालं, माझंही तोंड दुखलं. उंदरीनं माफी मागितली. काकूंनी अंगठ्याला हळद लावली. बाबांनी पण "लागलं का, आबा?" म्हणून विचारलं, उशिरा का होईना. पंचांनी टोपी काढून हात जोडले, गोलकीपर पोरगी वाकता येत नाही तरी वाकून पाया पडली.

माफी मागायचे राहिले एकच. बुधले मास्तर.