झाकणावरचे साहेब

निवडणूक तोंडावर आली तसे भुजंगरावांनी बायकांना कुंकवाचे करंडे वाटले; झाकणावर स्वतःचाच फोटो! मागच्या खेपेला भेट नाकारणाऱ्या बाईची चहाची टपरी दुसऱ्याच दिवशी उलटली होती, आणि सरूचं पोट तर भज्यांच्या गाड्यावर. त्यामुळे हळदीकुंकवाच्या मांडवात, बायकोशेजारी बसलेले साहेब सरूवर गरजले, "आमचं कुंकू का नाही लावलंस गं?" तेव्हा तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

पदर मुठीत घट्ट धरून ती कशीबशी म्हणाली, "साहेब, कुंकू लावायचं नवऱ्याच्या नावानं. करंडा हाती घेतला की समोर तुमचं तोंड येतं. वहिनीसाहेबांची परवानगी असेल, तर आत्ता लावते."

वहिनीसाहेबांनी मान वळवून नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

संध्याकाळी भुजंगरावांचेच कार्यकर्ते दारोदार फिरून झाकणांवरचं साहेबांचं तोंड खरवडत होते.